चालती लाट

विहिरीत पहिली उडी मारली तेव्हा मी ४४ वर्षांची होते. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळचे नऊ. धाकट्या बहिणीचं सासर नारायणगावजवळ, कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. कुकडीचं आवर्तन सुटलं की पाझर लागून त्यांच्या विहिरीचं पाणी चढतं; भर उन्हाळ्यात चार परस पाणी उभं असतं. माझ्या पाठीला पाच लिटरचे दोन रिकामे कॅन बांधलेले, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक भाच्याच्या हातात. तो अकरावीत शिकतो. "मावशी, नाक धर आणि खाली बघू नको," तो म्हणाला. मी खाली पाहिलं. हिरवं, गप्प पाणी आणि कपारीत पारव्यांची घरटी. मग डोळे मिटले आणि पाय सोडले.

नऊची वेळ मुद्दाम ठरवलेली होती. विहिरीला तिन्ही बाजूंनी ऊस आहे आणि उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावात पहाटेची कितीतरी कामं आता उन्हं वर आल्यावर होतात, त्यात माझं पोहणंही आलं.

हे सगळं सुरू झालं ते वर्गात. सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा मी २१ वर्षं शिकवते आहे. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, पाण्याचे दोन फुगवटे दाखवायचे. ओघात लाटेबद्दलही सांगायचं: लाट पुढे जाते, पाणी मात्र जागच्या जागी वरखाली होतं, किनाऱ्याकडे येते ती ऊर्जा. एका मुलीनं विचारलं, "बाई, पाणी जागचं हलत नाही, मग लाटेत उभं राहिलं की माणूस का ढकलला जातो?" मी तेच उत्तर वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. समुद्र मी तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा सहलीच्या मुलांची डोकी मोजत, घोटाभर पाण्यात.

त्या रात्री मोबाइलवर लाटांविषयी वाचता वाचता लाटेवर उभं राहणाऱ्या माणसांपर्यंत पोचले. लाट कळायची तर तिच्यावर उभं राहणाऱ्याला कळत असणार, असं मनात आलं आणि ते गेलंच नाही. गोव्यात पेडणे तालुक्यात, आश्वेच्या किनाऱ्यावर नवशिक्यांना सर्फिंग शिकवतात, असं कळलं. फोन लावला. पलीकडच्या तरुणानं पहिलाच प्रश्न विचारला, "पोहता येतं?" नाही म्हटलं. "मग आधी पोहायला शिका. वेग नको, पण खोल पाण्यात दहा मिनिटं न घाबरता तरंगता आलं पाहिजे. मग या."

आईला सांगणं सगळ्यात अवघड होतं. तिचं माहेर आंबेगाव. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते मूळ गाव घोडनदीच्या काठी होतं. डिंभे धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी घोडेगावात, नाव तेवढं बुडालेल्या गावाचं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलंय. ते आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड नेणाऱ्या ट्रकपुढे आडवे झाले आणि चाकाखाली गेले. त्या पाण्यावर कालव्याखालची रानं पिकतात, माझ्या बहिणीच्या घरची भाकरी कुकडी प्रकल्पाच्याच पाण्याची आहे, हे आईला ठाऊक आहे. पण डिंभ्याचं पाणी म्हटलं की तिला त्याच्या तळाशी ओसरी दिसते, मागचं परसू दिसतं, चिंच दिसते. त्यात २०१४ च्या ३० जुलैला माळीण गेलं. पावसानं डोंगर सुटला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. तेव्हापासून रात्री पाऊस जोरात लागला की आई अंथरुणावर बसून राहते. मी पोहायला शिकतेय म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाण्याला आपण होऊन हाक मारू नये, बाई."

आमच्याकडे 'बाईनं विहिरीत उडी टाकली' या वाक्याचा एकच अर्थ होतो. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायका पहिल्या दिवशी धावत आल्या त्या याच धास्तीनं. दोर, कॅन आणि काठावरचा पोरगा दिसल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्या पायऱ्यांवर बसल्या, दुसऱ्या दिवशीही आल्या, आणि पाचव्या दिवशी त्यांतली एक भाच्याला म्हणाली, "मला बी शिकवशील का रं?" तिचं वय माझ्याहून जास्त असेल. माझा भाऊ सातव्या वर्षी पोहायला शिकला, पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधून. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. काठावर बसून त्याचे कपडे राखत होते. हे आजवर कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं. त्या बाईचा प्रश्न ऐकला आणि ते काठावर बसणं लख्ख आठवलं.

पहिला आठवडा मी मोटारीचा पाइप धरून नुसते पाय मारले. दुसऱ्या आठवड्यात एक कॅन सुटला, तिसऱ्यात दुसरा. गटांगळ्या खाल्ल्या, नाकातोंडात पाणी गेलं, दोर ओढून भाच्यानं तीनदा वर घेतलं. उताणं तरंगणं सगळ्यात उशिरा जमलं, कारण त्यात करायचं काहीच नसतं आणि मला काही न करता राहण्याची सवय नाही. कान पाण्याखाली गेले की विहिरीतला आवाज बंद होतो. वर गोल आभाळ, कडेला बाभळीची एक फांदी. मे संपता संपता मी दहा मिनिटं तशी पडून राहू लागले. जूनमध्ये पाऊस आला, पाणी गढूळ झालं आणि आमची पोहण्याची शाळा बंद झाली. गणपतीनंतर पुन्हा सुरू केली ती दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

घोडेगावाहून गोव्याला जायचं तर पुण्याला जाऊन रात्रीची बस धरायची, सकाळी उतरायचं. मी नाणेघाटानं खाली उतरून कल्याणला जायचं ठरवलं. जुन्नरहून समुद्राला जायची खरी वाट ती आहे, दोन हजार वर्षांची. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी भाचा आणि मी जुन्नरच्या स्टँडवरून घाटघरची एसटी धरली. डावी-उजवीकडे माणिकडोहचं फुगलेलं पाणी, मग चावंडचा उभा कडा, मग पूरचं कुकडेश्वर. कुकडी तिथे उगम पावते. घाटघरला उतरलो तेव्हा गवत पिवळं पडलं होतं आणि जीवधनच्या कड्यावर ऊन तिरपं आलं होतं.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची, असं लहानपणापासून ऐकत आले. खालच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. केलेल्या यज्ञांची आणि त्यात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची मोजदाद, तीही आकड्यांसकट. आपल्या देशातल्या जुन्यातल्या जुन्या अंकलेखनापैकी ते एक. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळेही तिथे कोरलेले होते. आता त्यांची नावं वर राहिली आहेत, खाली पावलांच्या खुणा. दरवर्षी मी मुलांना इथे आणते आणि आकडे दाखवते. या वेळी मात्र पावलांकडे बघत राहिले, कारण मला पुढे उतरायचं होतं.

जुन्नरच्या लेण्यांत काही दानं यवनांची आहेत, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परक्या माणसांची. त्यांतल्या इरिल नावाच्या एकानं दोन पोढी दिल्याचा लेख आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही आपली नावं येतात. मोसमी वाऱ्याच्या पाठीवर समुद्र ओलांडून, गलबतातून उतरून, हा घाट चढून आलेल्यांच्या जातकुळीतल्या एका माणसाला डोंगरात सगळ्यात मोलाचं काय वाटलं असेल तर टाकंभर गोडं, स्थिर पाणी. मी त्याच वाटेनं उलटी चालले होते.

नाणेघाटाच्या कड्यावर भूगोलाच्या शिक्षकाला हलवून टाकणारी एक गोष्ट आहे. इथून पाऊलभर पश्चिमेला पडलेला थेंब कोकणात उतरतो आणि अरबी समुद्राला मिळतो. पाऊलभर पूर्वेला पडलेला कुकडीत जातो, कुकडी घोडनदीला, घोडनदी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि तो थेंब पार बंगालच्या उपसागरात पोचतो. पावसाळ्यात तर कड्यावरून खाली झेपावणारं पाणी वारा उलटं वर फेकतो. बघायला गर्दी होते. कोकणाकडे निघालेलं पाणी त्या वाऱ्यानं परत पठारावर येतं आणि त्याचा समुद्रच बदलतो. आईच्या गावावरचं पाणीही पूर्वेचंच. ते अरबी समुद्राला कधी मिळत नाही.

दोन-अडीच तासांत घाट उतरलो. दगडी फरसबंदी, जागोजागी कोरलेल्या पायऱ्या, मग रान आणि शेवटी कल्याणचा रस्ता. माळशेजकडे जाणाऱ्या गाडीत भाचा बसला. "मावशी, घाबरलीस तर उताणी पड," त्यानं खिडकीतून सांगितलं. मुरबाडमार्गे कल्याण, कल्याणहून ठाणं, रात्री कोकणकन्या. सकाळी थिवीला उतरले. म्हापसा, शिवोली, शापोरा नदीवरचा पूल, मोरजी, आश्वे.

आदल्या आठवड्यात अमावस्या झालेली, मी पोचले ती चतुर्थी. उधाणाचं पाणी उतरत होतं आणि अष्टमीला भांग येणार होता. उधाण आणि भांग हे शब्द पुस्तकात मी इतकी वर्षं वाचून दाखवले. फोनवर बोललेल्या त्या तरुणाच्या तोंडी ते रोजच्या वापरातले होते. तो पेडण्याचाच, घरी मासेमारी, मराठी आमच्याहून गोड. धड्याची वेळ तो रोज संध्याकाळी पाणी बघून कळवायचा आणि ती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकायची. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. इथे ते माझ्या न्याहारीच्या वेळेवरून कळत होतं.

बरोबर पुण्याचे दोन तरुण होते आणि बेळगावची नऊ वर्षांची एक मुलगी, आईवडलांबरोबर आलेली. पूर्ण बाह्यांचा अंगाला चिकटणारा सदरा आणि तशीच विजार घालून वाळूवरून चालताना पहिल्या सकाळी मला पाण्यापर्यंतचं अंतर फार लांब वाटलं. नऊ फुटी फळी डोक्यावर घेतल्यावर ते विसरायला झालं. नवशिक्यांची फळी वरून मऊ असते, रुंद असते आणि पाण्यात सहज बुडत नाही. तिच्या शेपटीकडच्या टोकाला दोरी. दोरीचं दुसरं टोक मागच्या पायाच्या घोट्याला. मी ती दोरी बांधताना हसले असेन, कारण त्यानं विचारलं, "काय झालं, मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही. आमच्याकडे दोराचं टोक भाच्याच्या हातात असतं."

पहिला तास सगळा वाळूत. पालथं पडायचं, छाती वर, हात वल्ह्यासारखे मारायचे. मग तळवे छातीशी टेकवून एका झटक्यात पाय पोटाखाली घ्यायचे आणि गुडघ्यात वाकून उभं राहायचं. मधे गुडघे टेकायचे नाहीत. नजर समोर, किनाऱ्यावरच्या माडाच्या शेंड्याकडे. पायाकडे पाहिलं की पडलाच. पडताना आडवं, अंग पसरून पडायचं, डोक्यावर सूर मारायचा नाही, कारण पाणी उथळ असतं. वर येताना आधी हात डोक्यावर धरायचे, मग डोकं काढायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फळी कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे येऊ द्यायची नाही.

हे शेवटचं मी दुसऱ्याच दिवशी विसरले. फेसाळ लाट आली, मी फळी आडवी धरून उभी राहिले आणि तिच्या कडेनं माझा ओठ फुटला. चूक पूर्णपणे माझी होती. खाऱ्या पाण्यानं ओठ झोंबत राहिला; रात्री जेवायला वाकले तर नाकातून समुद्र गळाला. बरगड्या फळीवर घासून सोलल्या होत्या, दंड वर उचलवत नव्हते. बेळगावची मुलगी त्या दिवशी उभी राहिली, दोनदा. तिनं मला सांगितलं, "काकू, तुम्ही लाट आल्यावर हात मारता. आधी मारायचे."

हे तिचं बोलणं रात्रभर डोक्यात होतं. शिक्षकही तेच सांगत होता, मला ते ऐकू येत नव्हतं एवढंच. झोप लागता लागता एकदम आमच्या लहानपणची गवताची बैलगाडी आठवली. घोडनदीच्या कडेनं गाडी गावाकडे यायची आणि आम्ही मुलं मागून चढायचो. गाडीवान थांबवत नसे. उभ्या उभ्या चालत्या गाडीला हात लावला की फरपटच. आधी गाडीच्या बरोबरीनं पळायचं, आपला आणि चाकाचा वेग एक झाला की साटीला हात टाकायचा, मग गाडीच तुम्हाला उचलून घेते. मला ती चढायची वेळ नेमकी माहीत होती. अंगाला माहीत होती.

लाटेचा वेगही मी मग हिशेबानं काढला. उथळ पाण्यात तो फक्त खोलीवर ठरतो. मीटरभर पाण्यात ताशी साधारण ११ किलोमीटर. म्हणजे पळणाऱ्या माणसाचा वेग. हातानं पाणी मारत तेवढा वेग गाठणं माझ्याकडून होणार नाही, पण शून्यावरून निघायचं नाही एवढं तर नक्की होईल.

तिसऱ्या दिवशी मी पंधरा-सोळा लाटा सोडल्या असतील, नुसत्या पाहिल्या. त्या सारख्या येत नाहीत. काही बारक्या येतात, मग चार-पाच मोठ्या ओळीनं, मग पुन्हा पाणी शांत. या किनाऱ्यावर येणारा लांबचा हेलकावा कधी कधी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात जन्मलेला असतो, हजारो किलोमीटर चालून कित्येक दिवसांनी इथे पोचतो. नाणेघाट चढून आलेल्या बैलांच्या तांड्यासारखा, थकून एका ओळीत आलेला. तळ जवळ आला की लाटेचे पाय घासतात, ती मंदावते, मागचं पाणी वर चढतं. उंची आणि खोली जवळपास बरोबरीची झाली की माथा पुढे कोसळतो. आणि कोसळल्यानंतर मात्र पाणी खरोखर किनाऱ्याकडे धावतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या कमरेवर आदळत होतं. पुस्तक समुद्राबद्दल बोलत होतं, ती किनाऱ्याबद्दल विचारत होती. दोघं बरोबर होती.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसून शिक्षकानं या खेळाचं घराणं सांगितलं. हवाई बेटांवर याला 'हेए नालू' म्हणत, म्हणजे लाटेवरून सरकणं, आणि तिथे ते राजेही करत आणि रयतही. आपल्या देशात शिकवण्याची सुरुवात झाली ती कर्नाटकात मुल्कीला, २००४ मध्ये, एका आश्रमातून. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवरून कोळी पिढ्यान्‌पिढ्या लाटेवर स्वार होऊन घरी येत आले आहेत. आज देशातले कितीतरी चांगले सर्फर त्याच घरांतले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला. तो हे सगळं सांगताना समुद्राकडेच बघत होता. त्याचे वडील रापण ओढायचे. त्यांना आधी हे पटलं नव्हतं. पाण्यात जायचं ते पोटासाठी, खेळायला नाही, असं त्यांचं म्हणणं. मग एकदा ते स्वतः लाटांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही नको, मागची घे." तेव्हापासून घरात वाद नाही.

चौथ्या दिवशी, अष्टमीला, पाणी लहान होतं. कमरभर पाण्यात उभी राहून मी मागे पाहिलं. दोन लाटा जाऊ दिल्या. तिसरी फुटली आणि पांढरी भिंत होऊन निघाली, तशी मी फळीवर पालथी झाले आणि ती पोचायच्या आधीच हात मारायला लागले. एक, दोन, तीन, चार. फळीची शेपटी उचलली गेली. इथे इतके दिवस मी घाबरून कडा धरत होते. या वेळी साटीला हात टाकायची ती वेळ ओळखीची वाटली. तळवे छातीशी, पाय खाली, आणि माड समोर. फळी पायाखाली धावत होती. फेसाचा आवाज मागे होता आणि पुढे पाणी गुळगुळीत होतं. किती वेळ? शिक्षक म्हणाला पाच-सहा सेकंद. खालचा पर वाळूला घासला तेव्हा मी अजून उभीच होते. किनाऱ्यावर बेळगावची मुलगी उड्या मारत होती. मला रडू आलं, मग फळी वळवली आणि परत आत गेले. त्या सकाळी आणखी तीन वेळा उभी राहिले आणि बारा-तेरा वेळा पडले.

पाचव्या दिवशी शिक्षक मला फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे घेऊन गेला. उभं राहायला नाही, नुसतं बसायला. पांढऱ्या पाण्यातून फळी रेटत जाताना चार वेळा मागे फेकली गेले. पलीकडे पोचल्यावर एकदम शांतता. तिथे लाट फुटत नाही, नुसती फुगते. फळीवर बसलेली मी वर जायचे, खाली यायचे, आणि किनाऱ्यावरचा तो माड जिथल्या तिथे राहायचा. पाणी जागच्या जागी वरखाली होत होतं. २१ वर्षं सांगितलेलं वाक्य माझ्या अंगाखालून जात होतं. मी फळीवरून उतरले, कान पाण्यात बुडवले आणि उताणी पडले. विहिरीत गोल असलेलं आभाळ इथे कुठंच संपत नव्हतं.

रात्री आईचा फोन. पाच दिवस ती फक्त जेवलीस का, एवढंच विचारत होती. त्या रात्री म्हणाली, "खाली पाय टेकतात का गं?"

"लाटा फुटतात तिथं टेकतात. पलीकडं नाही."

"मग पलीकडं गेली होतीस?"

"गेले होते. आज."

बराच वेळ ती बोलली नाही. टीव्हीचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "आल्यावर डिंभ्याला जाऊ."

डिसेंबरात एका रविवारी गेलो. आई, मी, भाचा, आणि मासे धरणाऱ्या एकाची होडी. धरण भरलेलं होतं, आहुप्याच्या बाजूचे डोंगर पाण्यात उतरले होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कुठे कुठे घरांची जोती वर येतात, तेव्हा गावची माणसं बघायला जातात. आई कधी गेली नव्हती. ती काठावरच्या दगडावर बसली, पदर खोचला, हात कपाळाशी धरून पाण्याकडे पाहत राहिली. डोंगराच्या दोन सोंडा, त्यांच्यामधली खिंड, पलीकडचं टेकाड: या खुणा बुडाल्या नव्हत्या. त्यावरून तिनं जागा बांधली.

मी ट्यूब कमरेला बांधून होडीतून उतरले. पाणी थंड होतं आणि विहिरीसारखंच गप्प. भाचा होडी जवळ धरून होता. मी हात मारत पुढे गेले, मग थांबून काठाकडे पाहिलं. आई उभी राहिली होती.

"अजून डावीकडं," ती ओरडली. तिचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. "अजून थोडी. ती चिंच झाली. आता सरळ ये."

मी सरळ गेले.

"हां. तिथं. तिथं ओसरी."